रेषेच्या शंका : हौशी व्यंगचित्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं

हौशी व्यंगचित्रकारांनी पाठवलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. काहींनी पत्रासोबत चित्रंही जोडली होती. ज्या चित्राबद्दल उत्तर आहे, त्याचं वर्णन प्रश्नातच दिलं आहे.

प्रश्न (कल्याण) : लोकलमधल्या ‘चौथ्या सीट’वर व्यंगचित्र काढलंय. तिघांच्या बाकावर तिघं बसलेत, चौथा कडेला कसाबसा टेकलाय. खाली ओळ आहे, ‘मुंबईकरांचे हाल कधी संपणार?’ सगळे म्हणतात, चित्र छान आहे. पण हसत कुणीच नाही. चूक कुठे झाली?

चित्रात चूक नाही. बाक, माणसं, वरची हँडलं सगळं नेमकं उतरलंय. पण जे रोज घडतं तेच तुम्ही काढलंत आणि त्यावरचं मत खाली लिहिलंत. ही बातमी झाली. व्यंगचित्राला दुसरी एक वस्तू लागते, पहिलीशी ठिणगी उडवणारी. व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांचं ‘मोहिनी’ मासिकाचं ते मुखपृष्ठ आठवा : मुलीच्या साडीवर उंदीर, शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरं. नुसती साडी काढली असती तर ती साडीच राहिली असती.

आता तुमच्याच विषयावर काम करू. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे चौथ्या सीटचे गुण लिहा : जागा तिघांची, मागणारा हक्काने मागतो, बसलेला कुरकुरत का होईना सरकतो, चौथ्याचा अर्धा भाग वाटेत, एक पाय बाहेर ताणलेला, पाचेक मिनिटांत शेजाऱ्याच्या खांद्यावर डुलकी. उजवीकडे अशा जागा लिहा, जिथे ‘जरा सरकता का?’ म्हणणं अशक्य : न्हाव्याची खुर्ची, दातांच्या डॉक्टरची खुर्ची, वरातीतला घोडा, लग्नाचा पाट, न्यायाधीशाचं आसन, राजाचं सिंहासन. किमान दहा तरी लिहा. पहिल्या तीन-चार कल्पना सगळ्यांनाच सुचतात, म्हणून त्या बहुतेकदा आधी कुणीतरी काढलेल्या असतात.

मग गाळायला बसा. दातांच्या डॉक्टरकडे दुखणं विषय होऊन बसतं. न्यायाधीशाच्या आसनाजवळ वाचक निकाल शोधू लागतो. घोडा चालेल, पण घोड्यावर दोघं बसलेले आपण प्रत्यक्षातही पाहतो. सिंहासन मात्र एकाचंच असतं. ते वाटून घेता येत नाही, हाच त्याचा अर्थ. म्हणून सिंहासन ठेवायचं.

यानंतर क्षण ठरवायचा. प्रसंग एकच असला तरी तो तीन ठिकाणी थांबवता येतो. पहिला क्षण : राजा बसलाय, समोर खांद्याला बॅग लावलेला नोकरदार उभा, फुग्यात ‘जरा सरकता का?’ दुसरा : राजा सरकतोय. तिसरा : राजा सिंहासनाच्या कडेवर टेकलाय, एक पाय पायरीवर ताणलेला, मुकुट कलंडलेला, आणि नोकरदार छातीशी बॅग कवटाळून राजाच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलाय. पहिल्या क्षणात शब्द लागतात. तिसऱ्यात एकही नको, आणि मधलं सगळं वाचक आपल्या मनात घडवतो. आमचं मत तिसऱ्याच्या बाजूने आहे.

आता मांडणी. ५ × ७ सेंमीच्या सहा चौकटी आखा आणि जाड मार्करने प्रत्येकीत दोन मिनिटांत चित्र बसवा. मार्कर जाड हवा, म्हणजे बारकावे काढताच येत नाहीत आणि फक्त आकार उरतात. तीन गोष्टींकडे लक्ष द्या. एक, सिंहासनाची रुंदी दीड माणसाएवढीच ठेवा. ती दोघांना ऐसपैस पुरली की विनोद संपला. दोन, झोपलेल्याचं डोकं आणि राजाचा मुकुट यांच्यामागे कोरी भिंत ठेवा. तिथे पडदे-झालरी आल्या तर नजर अडते. तीन, दरबारी आणि भालदार-चोपदार रोजच्यासारखे सरळ समोर बघत उभे करा. ते डोळे विस्फारून पाहू लागले तर आश्चर्य त्यांनीच वाटून घेतलं, वाचकाला काही उरलं नाही. नवशिक्यांच्या चित्रांत हा दोष फार दिसतो : चित्रातलं एक पात्र हसत असतं, म्हणून बाहेरचं कुणी हसत नाही.

सहापैकी एक चौकट निवडा आणि ज्याला काहीच सांगितलेलं नाही अशा माणसासमोर धरा. पाच सेकंदांत त्याला कळलं तरच शाईला हात लावा. नाही कळलं तर समजावत बसू नका. त्याची नजर आधी कुठे गेली एवढंच विचारा. अडचण तिथेच असते.

प्रश्न (नागपूर) : रोज एक चित्र काढायचा नेम केला होता. चाळिसाव्या दिवशी विषय आटले. बँकेत नोकरी आहे, संध्याकाळचे दोन तास मिळतात. नेम सोडावा का?

नेम सोडू नका, त्याची घडी बदला. विषय सुचणं, मांडणी, शाई आणि स्कॅन ही चार निरनिराळी कामं दोन तासांत एकापाठोपाठ एक उरकायला गेलं की पहिल्याच कामावर घाला पडतो. हात काहीतरी काढायला उतावीळ असतो आणि सुचलेली पहिली कल्पना पुढे रेटली जाते. आर. के. लक्ष्मण यांनी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त अनेक दशकं सातत्याने व्यंगचित्रं दिली, हे खरं. पण ते त्यांचं पूर्णवेळ काम होतं. सकाळची वर्तमानपत्रं वाचणं हाही त्या कामाचाच भाग. नोकरी करणाऱ्याने त्यांच्या वेगाशी बरोबरी करू नये.

आठवड्याला दोन पक्की चित्रं हे माप धरा. सोमवार-मंगळवार फक्त ओळी लिहायच्या, दिवसाला दहा. चित्र काढायचंच नाही. बुधवारी त्या वीस ओळींतून चार निवडून त्यांच्या छोट्या चौकटी करायच्या. गुरुवारी वही उघडायची नाही. शुक्रवारी पुन्हा पाहिल्यावर चारातल्या दोन तरी फिक्या वाटतात. उरलेल्या दोनांची पेन्सिल करा. शनिवारी शाई, रविवारी स्कॅन आणि नोंद.

विषय आटण्याचं आणखी एक कारण पत्रातच दिसतं. तुम्ही विषयांची यादी दिली आहे : भ्रष्टाचार, महागाई, प्रदूषण, मोबाइलचं वेड. हे विषय नाहीत, ही मथळ्यांची नावं आहेत. महागाई काढता येत नाही; भाजीवाल्याने पिशवीत फुकट टाकायची बंद केलेली कोथिंबीर काढता येते. तुम्ही काउंटरवर बसता. दोरीला बांधलेलं पेन, सही जुळत नाही म्हणून तिसऱ्यांदा सही करणारे आजोबा, टोकन हातात धरून झोपलेली बाई : ही तुमची खाण आहे. आपले वाक्प्रचार शब्दशः काढून पाहणं हाही चांगला सराव. ‘पाण्यात पाहणे’, ‘डोक्यावर मिरे वाटणे’, ‘हात दाखवून अवलक्षण’ यांतल्या एकेकाची पाच चित्रं करा. छापायला देऊ नका; हात आणि डोकं मोकळं होण्यासाठी ती आहेत.

प्रश्न (सांगली) : टाकाने (शाईत बुडवायच्या निबच्या पेनाने) शाई करताना रेषा फुटते, कधी शाईच उतरत नाही. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरली तर पेन बंद पडलं.

तीन तक्रारींची तीन कारणं आहेत.

रेषा फुटते ती कागदामुळे. झेरॉक्सचा कागद ७०-७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन ७०-७५ ग्रॅम) असतो आणि शाई त्याच्या तंतूंतून पसरते. १५० ते २०० जीएसएमचा गुळगुळीत कार्ट्रिज किंवा आयव्हरी कार्ड घ्या. खरखरीत जलरंगाचा कागद नको, त्याचे तंतू निबच्या फटीत अडकतात. कागद चांगला असूनही एखाद्याच जागी रेषा फुटत असेल, तर तिथे खोडरबर जास्त घासलं गेलंय आणि वरचा थर सुटलाय. पेन्सिल दुसऱ्या कागदावर करून, खिडकीच्या काचेवर धरून गिरवली तर हा प्रश्नच येत नाही.

शाई उतरत नाही, कारण नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. भांडी घासायच्या साबणाचा थेंब लावून धुवा आणि पुसून कोरडी करा. काही जण निब ज्योतीवर धरतात. त्याने पोलादाचा ताण जातो आणि टोकं परत मिटत नाहीत; साबण पुरतो. निब अर्ध्यापर्यंतच बुडवा, तिच्या मधल्या छिद्राच्या किंचित वर. बाटलीच्या काठावर जास्तीची शाई निथळा. दर दहा-पंधरा मिनिटांनी पाण्यात धुऊन पुसा, कारण वाळलेली शाई फटीत साठली की रेषा अचानक जाड होते.

फाउंटन पेनाचं म्हणाल तर, वॉटरप्रूफ इंकमध्ये चपड्यासारखा चिकट घटक असतो. त्यामुळेच ती वाळल्यावर पाण्याने सुटत नाही. पेनाच्या आत वाळली तर तिथेही सुटत नाही. ही शाई फक्त टाक आणि ब्रशसाठी.

रेषा थरथरते असंही तुम्ही शेवटी लिहिलंय. लांब रेषा मनगटातून नव्हे, कोपरातून ओढा आणि ती आपल्याकडे येईल असा कागद फिरवत राहा. टाक पुढे ढकलला की टोक कागदात रुततं आणि शिंतोडे उडतात. पेन्सिल खोडण्याआधी शाई अर्धा तास वाळू द्या. पावसाळ्यात दोन तास; नाहीतर काळी रेषा करडी होते.

प्रश्न (डोंबिवली) : फुग्यात अक्षरं मावत नाहीत. हाताने लिहिलं तर ओळी एकमेकींत घुसतात. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये टाइप केलं तर ‘ि’ भलत्याच जागी जाते.

आधी अक्षरं, मग फुगा. उलट क्रमाने केलं की कधीच मावत नाही.

देवनागरीला वर आणि खाली जागा लागते, हे इंग्रजी कॉमिक पाहून शिकलेल्यांच्या लक्षात राहत नाही. शिरोरेषेखालचं अक्षर ४ मिमीचं धरलं, तर वरच्या मात्रा-वेलांटी-रफाराला २ मिमी, खालच्या उकाराला २ मिमी आणि मध्ये १ मिमी मोकळी हवी. म्हणजे एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत ९ मिमी. पेन्सिलने त्या रेघा आखूनच लिहा. चित्र छापताना दीडपटीवरून लहान होणार असेल, तर ४ मिमीचं अक्षर अडीच मिमीच्या आसपास येईल. त्याहून बारीक अक्षर ज्येष्ठ वाचक वाचत नाहीत, आणि व्यंगचित्रांचे सर्वांत निष्ठावान वाचक तेच आहेत.

ओळी आखूड-लांब-आखूड अशा तोडल्या की अंडाकृती फुग्यात नीट बसतात. शब्द मध्ये तोडू नका. एका फुग्यात बारा शब्द पुष्कळ झाले. आधी बोलणारा डावीकडे, आणि त्याचा फुगा वर. चित्र काढून झाल्यावर पहिला बोलणारा उजवीकडे आहे असं लक्षात आलं, तर त्याचा फुगा वर चढवून शेपूट खाली आणा. स्कॅन आडवा उलटवून सुटका करून घेऊ नका : सदऱ्याची बटणं, नऊवारीचा पदर, मनगटातलं घड्याळ, दुकानाची पाटी सगळं उलटं होतं आणि वाचकाला ते लगेच दिसतं.

वेलांटीचं कारण अ‍ॅपमध्ये आहे. ऱ्हस्व वेलांटी टंकात अक्षरानंतर नोंदली जाते आणि दाखवताना अक्षराच्या आधी यावी लागते, जोडाक्षरांचंही तसंच. ही जुळणी ज्या अ‍ॅपला येत नाही, तिथे ती तुटणारच. चाचणीसाठी ‘र्‍हस्व, क्षितिज, कार्यक्रम, विठ्ठल’ एवढे चार शब्द टाइप करून पाहा. तुटले तर मजकूर दुसरीकडे तयार करा आणि चित्र म्हणून आणून चिकटवा. संपादकांकडे चित्र आणि मजकूर वेगवेगळ्या थरांत असलेली फाइल पाठवत असाल, तर अक्षरांचे आकारांत रूपांतर करून पाठवा. तुमचा फॉन्ट त्यांच्याकडे नसेल तर मजकूर बदलून जातो. तरी आमचा सल्ला हातानेच लिहा असा आहे. व्यंगचित्रकार वसंत सरवट्यांच्या चित्रांत रेषेचं व्यक्तिमत्त्व दिसतं. तुमच्या अक्षरालाही तशी संधी द्या.

प्रश्न (पणजी) : मूळ चित्रात रेषा ठसठशीत आहे. छापून आली तेव्हा तुटक, आणि भोवती राखाडी धूळ. स्कॅन कसा करावा?

धूळ जेपीजीची. ही पद्धत फाइल लहान करताना छायाचित्राचा विचार करते. काळ्या-पांढऱ्याच्या तीव्र सीमेवर ती राखाडी ठिपके सोडते, आणि दरवेळी पुन्हा साठवलं की ते वाढतात. रेखाचित्र पीएनजी किंवा टिफमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची वेळ आली तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तुटक रेषा ठिपक्यांच्या हिशेबाची. नुसत्या रेषांचं चित्र छापील आकारात ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, हवं. रंगीत किंवा करड्या छटांचं असेल तर ३०० पुरतं. समजा छापील रुंदी १२ सेंमी. १२ भागिले २.५४ गुणिले ६०० म्हणजे सुमारे २८३५ ठिपके. मूळ चित्र दीडपट, १८ सेंमी काढलंत, तर ४०० डीपीआयवर स्कॅन केलं तरी तेवढेच ठिपके मिळतात. स्कॅन करड्या छटांत करा. मग चित्र सुधारायच्या प्रोग्राममधल्या ‘लेव्हल्स’मध्ये (उजेड-काळोखाच्या पट्टीत) पांढरं टोक आत ओढून कागदाचा पिवळेपणा घालवा आणि काळं टोक थोडंसंच सरकवा. एकदम थेट काळं-पांढरं केलं की बारीक रेषांचे तुकडे पडतात. जिंप आणि क्रिता हे दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत आणि एवढ्या कामाला पुरून उरतात.

छायारेषा मारताना छपाई डोळ्यांसमोर ठेवा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते. छापल्यावर दोन रेषांत अर्धा मिमी अंतर उरेल इतक्या विरळ मारा, म्हणजे दीडपट मुळात पाऊण मिमी. आणि रंगीत चित्रात काळी रेषा फक्त काळ्या शाईचीच ठेवा. आरजीबीमधून (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतून) रूपांतर करताना काळा रंग छपाईच्या चारही शाईंत वाटला जातो, आणि छपाईत एक रंग केसभर सरकला तरी रेषेच्या कडेला लाल-निळी झालर दिसते.

प्रश्न (अकोला) : अर्कचित्र (खऱ्या माणसाचं, वैशिष्ट्यं वाढवून काढलेलं चित्र) काढतो; लोक म्हणतात, ‘नाव लिहा खाली.’

नाक मोठं केलं की अर्कचित्र होतं, या समजुतीतून बाहेर या. आधी मापं घ्या. साधारण चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, आणि दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढं अंतर असतं. समोरचा चेहरा यापासून कुठे सरकलाय ते शोधा आणि तेवढंच दीडपट करा. त्याच्या शेजारचं जे, ते आक्रसा. सगळंच वाढवलं तर चेहरा फक्त मोठा होतो. एका फोटोवरून काढू नका, निदान पाच फोटो आणि बोलतानाची एक चित्रफीत पाहा. मान कुठे झुकते, खांदे कसे पडतात हे चेहऱ्याआधी ओळखू येतं. पाठमोरा माणूस ओळखू आला, की समजा जमलं.

प्रश्न (सातारा) : पुढच्या महिन्यात माझं शंभरावं व्यंगचित्र पूर्ण होतंय. प्रदर्शन भरवावं असं मित्र सुचवतात. तीन वर्षांची चित्रं एका ट्रंकेत आहेत.

अभिनंदन. नोकरी-संसार सांभाळून शंभर ही मोठी गोष्ट आहे, तिचा आनंद जरूर साजरा करा.

पण आधी ट्रंक उघडा, कारण पावसाळे तीन गेलेत. चित्रं एकावर एक असतील तर मध्ये बटर पेपर घाला. सेलोटेप लावलेली असेल तर ती काही वर्षांत पिवळा, चिकट डाग सोडते. आत्ताच हलक्या हाताने काढा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर काही महिन्यांनी बदला. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. साध्या स्केचपेनने रंगवलेली चित्रं आधी स्कॅन करा. त्यांचा रंग उजेडात उडतो.

मग शंभरांची यादी करा : क्रमांक, तारीख, विषय एका ओळीत, शब्दांसह की निःशब्द, कुठे छापून आलं. फाइलचं नावही त्याच क्रमाने द्या, ‘०१००_चौथी-सीट’ असं. चार अंकी क्रमांक घेतला की हजारापर्यंत क्रम मोडत नाही. यादी झाली की सगळी चित्रं जमिनीवर मांडा आणि तीन ढीग करा : आजही हसू येतं, कल्पना चांगली पण चित्र कच्चं, दोन्ही नाही. मधला ढीग हे तुमचं खरं भांडवल. त्यातली दहा निवडून शंभरावं चित्र म्हणून नवं काही काढण्याऐवजी ती दहा पुन्हा काढा. तीन वर्षांत हात किती सुधारला हे शंभराच्या आकड्यावरून कळत नाही; जुनं आणि नवं शेजारी ठेवल्यावर कळतं.

प्रदर्शनाला शंभर नकोत, पंचवीस-तीस पुरेत. चित्रांचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येऊ द्या. शब्दांची आणि निःशब्द चित्रं आलटून-पालटून लावा, सलग वाचून माणूस थकतो. ५ मे हा जागतिक व्यंगचित्रकार दिन. गावातल्या ग्रंथालयाला त्या आठवड्यासाठी जागा मागून पाहा.

प्रश्न (न्यू जर्सी) : दिवाळी अंकांना चित्रं पाठवायची आहेत. कधी, कशी? हक्क कुणाकडे राहतात?

दिवाळी अंकांची जुळणी उन्हाळ्यातच सुरू होते. जूनअखेरीस पाठवलं तर संपादकांना निवडीला वेळ मिळतो. गणपतीनंतर आलेलं चित्र कितीही चांगलं असलं तरी पानं भरलेली असतात. एका अंकाला सहा ते आठ चित्रं पाठवा. त्यांत निम्मी उभी, निम्मी आडवी हवीत, कारण पानावर उरलेल्या जागेत बसेल ते चित्र आधी उचललं जातं. चालू घडामोडींवरची नकोत. जूनमधला विषय नोव्हेंबरात शिळा होतो. परदेशातल्या आयुष्यावरची चित्रं जरूर पाठवा, पण वाचक परभणीचा आहे हे धरून. बर्फ उपसणं दाखवायचं तर फावडं कुणाच्या हातात आणि दार किती बुजलंय, हे चित्रातूनच कळायला हवं.

तेच चित्र एकाच वेळी दोन अंकांना पाठवू नका. चित्रांच्या मागे किंवा फाइलच्या नावात क्रमांक द्या आणि कुठलं कुठे गेलं त्याची नोंद ठेवा. ‘ऑगस्टअखेर निर्णय कळवावा, अन्यथा चित्र अन्यत्र देईन’ असं पत्रात नम्रपणे लिहिलेलं संपादकांनाही सोयीचं असतं.

हक्कांबद्दल : भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, स्वतःहून काढून पाठवलेल्या चित्राचे हक्क चित्रकाराचेच असतात. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ते चित्रकाराच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं राहतात. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून पाठवताना पत्रात एवढी एक ओळ घाला : ‘ही चित्रं या वर्षीच्या दिवाळी अंकात एकदा छापण्यासाठी देत आहे, इतर सर्व हक्क चित्रकाराकडे.’ चित्रावर सही करा, पण ती उजव्या कोपऱ्यात अगदी कडेला नको. पान जुळवताना कड कापली जाते आणि तिच्याबरोबर सहीही. आत एक सेंमी तरी सोडा.